प्रेशर रिलीज, व्हाया खान्देश

चार दिवस, दोन जिल्हे, मागे बांधलेलं एक घर आणि अर्धा इंची पितळी व्हॉल्व्ह. थंडीत खान्देशात जायचा बेत असेल तर हे वाचूनच निघा!

'डिसेंबरमध्ये कुठे?' या प्रश्नाची आपल्या ऑफिसांमधली उत्तरं ठरलेली असतात. गोवा, महाबळेश्वर, फार तर ताडोबा. तुम्ही 'जळगाव' म्हणालात तर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "कोणाचं लग्न आहे का?" त्याचंही चूक नाही. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या बातम्यांपलीकडे जळगाव-धुळं आपल्या रडारवर येतंच कुठे! पण मंडळी, हाच खान्देश डिसेंबरात भन्नाट असतो. रात्री शाल लागेल अशी थंडी, शेतात पेटलेली पऱ्हाटी, तिच्यावर भाजली जाणारी हिरवी वांगी आणि लांबवर पसरलेल्या केळीच्या बागा.

आमच्या ट्रिपमध्ये हे सगळं होतंच. शिवाय एक गोष्ट बोनस मिळाली. एक गळका व्हॉल्व्ह.

घर मागे बांधून

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून 'चाकावरचं घर' हे प्रकरण आपल्याकडेही कानावर पडू लागलंय. माझा ऑफिसातला मित्र मूळचा यावलकडचा. तिथे त्याच्या काकांची केळीची बाग आहे. "ट्रेलर शेतात लावू, हॉटेलचा खर्च वाचेल आणि भरीत पार्टी फ्री!" एवढ्या ऑफरला नाही कोण म्हणणार? भाड्याने ट्रेलर घेतला, त्याच्या एसयूव्हीला जोडला आणि निघालो. मी, मित्र, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची लेक.

ट्रेलर आतून एकदम टकाटक. बसायला सोफा, एक मोठा बेड, एक छोटा बर्थ, गॅसची शेगडी आणि उभं राहता येईल एवढी बाथरूम. पाण्यासाठी खाली टाकी, ते नळापर्यंत ढकलायला बारा व्होल्टचा छोटा पंप आणि गरम पाण्यासाठी पंधरा लिटरचा आडवा गिझर. हा गिझर बसवलेला होता छोट्या बर्थच्या बरोब्बर खाली. तो बर्थ अर्थातच लेकीने पहिल्याच मिनिटाला पटकावला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

छत्रपती संभाजीनगर, सिल्लोड करत अजिंठ्याचा घाट उतरलो की हवाच बदलते. फर्दापूरनंतर वाकोद लागतं. हे भवरलाल जैन यांचं गाव. 1937 साली इथे जन्मलेल्या आणि 2016 मध्ये गेलेल्या या माणसाने जळगावात पाइप आणि ठिबक सिंचनाचा जो उद्योग उभा केला, त्याने शहराची ओळखच बदलून टाकली. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिला आहेत, प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत आणि पाइप तर विचारूच नका! 'सोन्याचं शहर' म्हणून सगळे सराफ बाजाराकडे बोट दाखवतात. मला मात्र ते पाण्याला वळण लावणाऱ्यांचं शहर वाटलं. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

टप... टप... टप...

पहिली रात्र एकदम सुपरहिट. काकांना गावात सगळे 'आप्पा' म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. आप्पांनी पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला. त्यावर भाजलेली वांगी काकूंनी सोलून बडगीत टाकली. बडगी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेलाचा सढळ हात. सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. पहिला घास घेतला की त्या सरकारी कागदाची गरजच काय, असं वाटतं!

रात्री अकराला ट्रेलरमध्ये परतलो, दिवे घालवले आणि आवाज सुरू झाला. टप. टप. टप. टॉर्च घेऊन बर्थखाली वाकून पाहिलं. गिझरच्या थंड पाण्याच्या पाइपवर एक पितळी व्हॉल्व्ह होता. त्याच्या बाजूच्या तोटीतून थेंब पडत होते. गिझर बंद करून तीन तास झाले होते आणि टाकी हाताला गार लागत होती, तरी थेंब थांबेना. आम्ही खाली पातेलं ठेवलं, गिझरचा प्लग काढला आणि झोपलो.

सकाळी आप्पांकडचा ठिबकचं काम बघणारा पोरगा आला. वय असेल बावीस-तेवीस. त्याने व्हॉल्व्हकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न टाकला, "पाणी तापताना टपकतं की गार असतानाही?"

हा प्रश्न भारी होता राव. तुमच्या-माझ्या फ्लॅटमधल्या गिझरलाही हाच लागू पडतो, म्हणून जरा समजून घेऊ.

पाणी तापलं की फुगतं. वीस अंशांचं पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर नेलं तर ते साधारण पाव लिटरने वाढतं. ही जास्तीची पेलाभर जागा आणायची कुठून? टाकी बंद, पोलादी. जुन्या घरांमध्ये हे वाढलेलं पाणी आल्या पाइपने उलटं गच्चीवरच्या टाकीकडे सरकायचं. आता गिझरच्या इनलेटवर जो व्हॉल्व्ह बसवतात त्यात उलटी वाट बंद असते, म्हणजे गरम पाणी थंड लाइनमध्ये शिरत नाही. ट्रेलरमध्ये तर पंपही पाणी मागे जाऊ देत नाही. मग दाब वाढतो. तो ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, की त्याच व्हॉल्व्हमधली स्प्रिंग दबते आणि थोडं पाणी बाहेर सोडते. आपल्याकडच्या साठवणीच्या गिझरवर हा आकडा बहुतेक वेळा 8 बार असतो, म्हणजे ऐंशी मीटर उंच पाण्याच्या खांबाएवढा दाब. थोडक्यात, पाणी तापताना चार थेंब पडले तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. गार असतानाही टपकत असेल तर दोनच शक्यता. एक तर मागून येणारा दाब जास्त आहे, नाही तर व्हॉल्व्हची बैठक खराब झाली आहे.

पोरगा गेला, ठिबकच्या फिल्टरवरचा प्रेशर गेज काढून घेऊन आला आणि एक रिड्यूसर लावून आमच्या नळाला जोडला. पंप सुरू केला. काटा तीनच्या जरा अलीकडे थांबला. "दाब बरोबर आहे दादा. हा व्हॉल्व्हच बसला." त्याने तोटीच्या कडेवरून नख फिरवलं. पांढरी पूड निघाली. बोअरच्या जड पाण्यातले क्षार! ठिबकच्या नळ्यांमध्येही तेच साचतात, त्या साफ करायला इथले शेतकरी नळ्यांतून ॲसिडचं पाणी सोडतात. आमच्या आधी हा ट्रेलर कुठे कुठे फिरला आणि कुठलं कुठलं पाणी प्यायला, देव जाणे. क्षाराचा खडा स्प्रिंगखालच्या रबरात अडकला की तोंड नीट मिटत नाही. "टपकू राहिला तोवर ठीक आहे," पोरगा म्हणाला, "हाच खडा उलटा बसून तोंड जाम झालं तर टपकायचा थांबेल. मग खरी भीती."

41 दरवाजे

ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला होता त्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस एकदम कूल. "सर, टेन्शन घेऊ नका. तिथल्या प्लंबरकडून त्या तोटीला एक एंड प्लग मारून घ्या. परत आल्यावर बघू."

फोन स्पीकरवर होता. आप्पा खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हतनूरला तापीवर धरण बांधलं, त्याला 41 दरवाजे ठेवले. तुमच्या या डब्याला एकच दरवाजा, आणि तोही बुजवायचा म्हणतात?"

पावसाळ्यात पेपरात बातमी येते बघा, 'हतनूरचे सर्व दरवाजे उघडले.' ती आपण सेक्टर पाच की सात शोधत स्क्रोल करतो. तापीकाठच्या माणसाला मात्र त्या बातमीचा अर्थ पक्का माहीत असतो. पाणी अडवायचं असेल तर सोडायची वाट आधी बांधायची.

मग पोराने जे सांगितलं त्याने आमची झोप उडाली. गिझरचा थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच. तो कधी तरी चिकटतो. चिकटला की पाणी साठ अंशांवर थांबत नाही, तापतच राहतं. व्हॉल्व्ह चालू असेल तर तो गरम पाणी फेकत राहतो, आवाज होतो, आपण धावत जातो आणि मेन स्विच पाडतो. व्हॉल्व्ह बुजवलेला असेल तर दाब वाढतच जातो. 8 बार दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळतच नाही, पावणेदोनशेच्या आसपास जाईपर्यंत ते पाणीच राहतं. अशा वेळी टाकी फाटली की दाब एका क्षणात शून्य, आणि त्या पाण्यातला बराच भाग तिथल्या तिथे वाफ होतो. वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. तो मग गिझर राहत नाही, बॉम्ब होतो.

आणि हा गिझर कुठे होता? सात वर्षांच्या मुलीच्या अंथरुणाखाली. वहिनींनी काही न बोलता तिची उशी उचलली आणि मोठ्या बेडवर टाकली. एंड प्लगचा विषय तिथेच संपला.

खरं तर ही अक्कल आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. कुकरला शिट्टी असते आणि शिट्टी तुंबलीच तर वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. या सगळ्याचा खापरपणजोबा म्हणजे डेनी पापँ हा फ्रेंच शास्त्रज्ञ. त्याने 1679 च्या सुमारास लंडनमध्ये वाफेवर हाडंही मऊ करणारं बंद भांडं दाखवलं आणि ते फुटू नये म्हणून त्यावर वजन टांगलेला व्हॉल्व्ह बसवला. कुकरची शिट्टी काढून तिथे बूच मारावं, असं आपल्या आईला कोणी सुचवून बघावं! गिझरच्या बाबतीत मात्र 'टपकतंय ना, बंद करून टाका' असं आपण सहज म्हणतो, कारण तो भिंतीवर, डोळ्यांआड असतो.

आंघोळीचं काय? काकूंनी पडवीतला तांब्याचा बंब पेटवला. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. ना गेज, ना व्हॉल्व्ह. कारण बंबाचं तोंड उघडंच असतं, दाब साठायला वावच नाही. वरून एक तांब्या गार पाणी ओतायचं, तोटीतून गरम पाणी घ्यायचं. लेकीला हे इतकं आवडलं की तिने दोनदा आंघोळ केली.

दहा रुपयांचा प्लग

दुपारी आप्पांच्या जीपमधून जळगाव गाठलं. व्हॉल्व्ह शोधायला याहून बेस्ट गाव कुठलं? दुकानात शिरलो आणि डोळे विस्फारले. एअर व्हॉल्व्ह, बॉल व्हॉल्व्ह, फ्लश व्हॉल्व्ह, बायपास, फूट व्हॉल्व्ह... भिंतभर. शेतकरी काउंटरवर असे आकडे फेकत होते की आमच्या ऑफिसातली बजेट मीटिंगही फिकी पडावी. कोणी 'दीड किलोवर ठेवला तर शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही' म्हणतोय, कोणी 'फिल्टरच्या आधी आणि नंतर अर्ध्या किलोचा फरक पडायला लागला' म्हणतोय. दाब हा इथे गप्पांचा विषय आहे. आपण ट्रॅफिकबद्दल बोलतो ना, तसा.

मालकांनी आमचा फोटो पाहिला. "हा गिझरचा. अर्धा इंची, लिव्हरवाला, 8 बार. संपला भाऊ. थंडी सुरू झाली, सगळ्यांचे गिझर चालू झाले, दोन दिवसांत पेटी रिकामी."

मित्राने भिंतीकडे बोट दाखवलं. "तो प्रेशर रिलीफच आहे ना? तसाच दिसतो. तोच द्या."

मालकांनी मान हलवली. "हा लाइनवरचा, गार पाण्याचा. आतलं रबर वेगळं, स्प्रिंग वेगळी. तुमच्या टाकीवर आठ लिहिलंय आणि हा दहाला उघडतो. म्हणजे टाकी आधी फुटेल, मग व्हॉल्व्ह उघडेल!" आजूबाजूचे शेतकरी हसले. मी गंमत म्हणून विचारलं, एंड प्लग आहे का? "आहे. दहा रुपयांचा आहे. पण या कामासाठी नाही देणार."

आपल्याकडे मॉलमध्ये नको असलेली वस्तूही गळ्यात मारतात. इथे एक माणूस भर सीझनमध्ये, समोर गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असताना, विकायला नकार देत होता. जळगावात मी गांधी तीर्थ पाहिलं, सराफ बाजार पाहिला, पण लक्षात राहिलंय ते हे काउंटर. मालकांनी धुळ्याला फोन लावला आणि पत्ता लिहून दिला. "तिथे मिळेल. बसवूनही देतील. तोवर गिझर लावू नका."

उनपदेव ते अमळनेर

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जळगावहून धुळ्याला जाणारा सरळ हायवे एरंडोल, पारोळ्यावरून आहे. आम्ही यावलहून चोपड्याचा रस्ता धरला, कारण वाटेत अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तिथे दगडी गोमुखातून गरम पाण्याची धार अखंड पडते. गिझर बंद पडलेल्या पार्टीला आणखी काय हवं? गार वाऱ्यात त्या धारेखाली उभं राहायचं सुख काही औरच. लेकीने विचारलं, "याचा व्हॉल्व्ह कुठंय?" मित्र म्हणाला, "हाच व्हॉल्व्ह. जमिनीने ठेवलेला."

पुढे चोपडा ओलांडून अमळनेर. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते गाव. आयटीवाल्यांनो, तुमच्यासाठी आणखी एक खूण. विप्रोची सुरुवात इथलीच, 1945 सालची, वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून! चहा घेतला आणि दुपारी धुळ्यात शिरलो.

गल्लीतला सर्जन

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच... इंग्रजांनी 1818 मध्ये खान्देश घेतल्यावर कॅप्टन ब्रिग्ज इथला पहिला कलेक्टर झाला आणि त्याने धुळ्याची आखणी करून पेठ वसवली. अशा नंबरवाल्या गल्ल्यांमध्ये ट्रेलर शिरणं अशक्य. मग मिस्त्रीकाकाच पिशवी घेऊन बाहेर मोकळ्या जागेत आले. साठीचे, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर.

"काय व्हयनं भाऊ?" अहिराणी कानावर पडली आणि मित्र खूश. आम्ही फोनवरचा एंड प्लगचा सल्ला सांगितला. काकांनी एकच वाक्य टाकलं, "हाऊ बंद कराना नही."

मग पुढची पंचवीस मिनिटं आम्ही एक ऑपरेशन पाहिलं. आधी वीज पूर्ण तोडली. स्विच बंद करून काका थांबले नाहीत, ट्रेलरची वायरच काढून बाजूला ठेवली. पंप बंद. मग गरम पाण्याचा नळ उघडून आतला दाब सोडला, टाकीला हात लावून ती गार असल्याची खात्री केली आणि लिव्हर वर करून पाणी बादलीत उतरवलं. शेवटी शेवटी गढूळ पाण्याबरोबर पांढरे खडे आले. लेक ते गोळा करायला बसली.

जुना व्हॉल्व्ह काढताना काकांनी दोन पान्हे वापरले. एकाने गिझरचा पाइप धरून ठेवला, दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवला. एकच पान्हा लावून जोर केला तर पाइप टाकीपाशीच पिळवटतो, आणि मग व्हॉल्व्हऐवजी गिझर बदलावा लागतो. जुनी टेप ब्रशने खरवडून काढली. नवीन टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, ताणून, सात-आठ वेढे. नव्या व्हॉल्व्हवरचा बाण गिझरकडे आहे ना, हे दोनदा पाहिलं. आधी हाताने, मग पान्ह्याने, पण बेताने. पितळ आहे, जास्त आवळलं की तडकतं.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो तोटीच्या नळीला. आधीची नळी बर्थखालीच वळवून ठेवली होती. काकांनी ती काढली, ट्रेलरच्या तळातून बाहेर उतारावर नेली आणि तिचं टोक मोकळं सोडलं. त्यांचे नियम साधे. नळी खालीच उतरली पाहिजे, मध्ये कुठे तोटी किंवा बूच नको आणि टोक असं हवं की गरम पाणी आलं तर कोणाच्या अंगावर न पडता नजरेला पडेल.

शेवटी पंप सुरू. गरम नळातून आधी हवा फुरफुरली, मग सलग धार लागली. तेव्हा कुठे वीज. टाकीत पाणी भरायच्या आधी गिझर लावला तर आतली कॉइल जळते. काकांनी लिव्हर एकदा उचलली, पाणी फसकन बाहेर, सोडली, बंद. "दोन-तीन महिन्यांनी एकदा असं उचलायचं. म्हणजे खडा बसत नाही." पाणी तापलं. चार थेंब पडले आणि थांबले. व्हॉल्व्हचे साडेतीनशे, मजुरीचे दोनशे. त्या रात्री छोट्या बर्थवर पुन्हा उशी आली.

पांझरेकाठचं शहाणपण

चौथ्या दिवशी पांझरेच्या काठाने साक्रीकडे गेलो. फड पद्धत नावाची चीज पाहायची होती. तीन-चारशे वर्षांपासून या नदीवर ओळीने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यावर शेतांचे मोठे गट असतात, तेच फड. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात धान्य हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. ना मीटर, ना ॲप. काही बंधाऱ्यांवर ही पद्धत मोडली, विहिरी आणि मोटारी आल्या. पण कालव्याच्या कडेने चालताना एक गोष्ट दिसते. जागोजागी जादा पाणी नदीत परत सोडायला वाट ठेवली आहे. तिला सांडम म्हणतात. पूर आला की पाणी शेतात न घुसता तिथून निघून जातं. पाणी वाटायचं गणित मांडणाऱ्यांनी ते सोडायचं गणितही तेव्हाच मांडून ठेवलं होतं.

याच नदीवर 1884 साली पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेला एक तरुण नोकरीच्या पहिल्याच कामावर आला होता. दातर्ती गावाजवळ पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाइपचा सायफन न्यायचा होता. पुराने पाइपात वाळू भरली. पावसाळ्यानंतर काम करू, असं त्याने कळवलं तर साहेब नाराज. (बॉस तेव्हाही बॉसच!) शेवटी पठ्ठ्याने ते पूर्ण करून दाखवलं. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे याच माणसाने धरणाच्या सांडव्यासाठी स्वयंचलित दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे, खाली आलं की मिटणारे. 1903 मध्ये ते बसवले गेले खडकवासल्याला. हो, जिथे आपण रविवारी कणीस खायला जातो तिथेच. अर्धा इंची व्हॉल्व्ह जे करतो तेच, फक्त अख्ख्या धरणासाठी.

परतीच्या वाटेवर मित्र म्हणाला, "आपल्या फ्लॅटमधला गिझर सात वर्षांचा झाला. त्याची लिव्हर कोणी उचललीय का कधी?" गाडीत शांतता. तुम्हीही आज घरी गेलात की नक्की विचारा.

कसं जाल, काय खाल, काय तपासाल

*कसं जाल:* जळगाव मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं जंक्शन आहे. धुळ्याला रेल्वेने जायचं तर चाळीसगावहून फाटा. दोन्ही शहरांमध्ये रस्त्याने साधारण नव्वद-शंभर किलोमीटर.

*केव्हा:* नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये हिंमत असेल तरच.

*काय पाहाल:* जळगावचं गांधी तीर्थ, असोद्याची बहिणाबाई चौधरींची जन्मभूमी, उनपदेव, पारोळ्याचा किल्ला, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि शहराजवळचा लळिंगचा किल्ला.

*काय खाल:* भरीत आणि कळण्याची भाकरी, झणझणीत शेवभाजी, खापरावरचे मांडे. केळी तर आहेतच.

*ट्रेलर किंवा कॅराव्हॅन घेताना:* ताब्यात घ्यायच्या आधी गिझरचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवायला सांगा. लिव्हर उचलली की पाणी यायला हवं, सोडली की थांबायला हवं. तोटीची नळी मोकळी हवी.

*घरच्या गिझरसाठी:* तापताना चार थेंब, नो प्रॉब्लेम. गार असतानाही टपकतंय, व्हॉल्व्ह बदला. नवा व्हॉल्व्ह टाकीवर लिहिलेल्या दाबाला किंवा त्याच्या आत उघडणाराच घ्या. आणि कोणी दहा रुपयांचं बूच मारून देतो म्हणालं, तर त्याला सरळ खान्देशचा रस्ता दाखवा!